बंदरांत उतरल्यावर : कंपनीची सहल कीं स्वतःची वाट?

समुद्रावरून प्रवास करणाऱ्या माणसास पूर्वीं एकच चिंता असे. ती म्हणजे बोट मुक्कामाला केव्हां पोंचेल ही. आतां ज्यांस कोठेंच पोंचावयाचें नसतें, अशा उतारूंसाठींहि बोटी निघूं लागल्या आहेत. आठ-दहा दिवस पाण्यावर राहावें, वाटेंतील चार-पांच बंदरें पाहावीं आणि जेथून निघालों तेथेंच परत यावें, अशा या प्रवासास क्रूझ हें नांव पडलें असून आपल्या घरांतूनहि तें आतां रुळलें आहे. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या होतात. सिंगापूरहून मलायाच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या बोटींवर मराठी बोलणें ऐकूं येतें. आणि निवृत्तीनंतर भूमध्य समुद्राची फेरी करून आलेलीं जोडपींहि ओळखीच्या मंडळींत सांपडतात. तिकीट काढतांना बोटीवरील खोली, भोजन आणि करमणूक यांची चौकशी आपण बारकाईनें करतों. परंतु ज्या प्रश्नावर या प्रवासाचें बरेंचसें सुखदुःख अवलंबून असतें, तो बहुधा आयत्या वेळीं पुढें उभा राहतो. बोट सकाळीं धक्क्याला लागली, सायंकाळीं ती सुटणार. मधल्या आठ-दहा तासांत गांव पाहावयाचें तें कंपनीनें आंखलेल्या सहलीबरोबर, कीं आपलें आपण?

हा प्रश्न दिसतो तितका नवा नाहीं. ५ जुलै १८४१ रोजीं टॉमस कुक या गृहस्थानें इंग्लंडांत लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारें पांचशें माणसें माणशीं एक शिलिंग घेऊन आगगाडीनें नेऊन आणलीं. ‘आंखावें दुसऱ्यानें आणि पाहावें आपण’ या धंद्याचा तो पाया म्हणावयास हरकत नाहीं. पुढें १८६७ सालीं ‘क्वेकर सिटी’ ही आगबोट निव्वळ प्रेक्षणीय स्थळें पाहणाऱ्या उतारूंना घेऊन न्यूयॉर्कहून भूमध्य समुद्राकडे निघाली. तींत मार्क ट्वेन हा विनोदी लेखक होता. अथेन्सचें बंदर जें पिरिअस, तेथें बोट पोंचली तेव्हां साथीच्या भीतीनें ती अडकवून ठेवण्यांत आली आणि कोणासहि जमिनीवर पाऊल ठेवण्याची मनाई झाली. ट्वेन आणि त्याचे तीन सोबती रात्रीं चोरून किनाऱ्यावर उतरले, अंधारांतून मैलोगणती चालत गेले, चांदण्यांत पार्थेनॉन पाहिलें आणि पहांटेच्या सुमारास बोटीवर परतले. १८६९ सालीं निघालेल्या त्याच्या प्रवासग्रंथांत ही हकीकत आली आहे. आपल्या पायांनीं जाऊन पाहण्याची ओढ किती जबर असते तें या गोष्टीवरून कळतें. मात्र त्या चौघांनीं परतण्याची वेळ चुकूं दिली नाहीं, हेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कारण आजच्या आपल्या विषयाचें सारें मर्म त्या परतण्यांत आहे.

प्रथम कंपनी आपणांस विकते तें काय, हें नीट समजून घेऊं. सहल कंपनीच्या नांवानें विकली जात असली तरी बसगाड्या आणि वाटाडे बहुधा त्या त्या गांवच्या ठेकेदारांचे असतात. कंपनी मध्यस्थ असते, आपला वाटा ठेवून ती पैसे पुढें देते आणि सहलींतील अपघाताची किंवा गैरसोयीची जबाबदारी ठेकेदाराची आहे असें तिकिटाच्या बारीक अक्षरांतील अटींत बहुधा लिहिलेलें असतें. तेव्हां कंपनीची सहल म्हणजे कंपनीचीं माणसें आपली काळजी वाहतात, हा समज सोडून दिलेला बरा. मग जास्तीचे पैसे कशाचे? ते मुख्यतः परत येण्याच्या हमीचे. कंपनीची बस वाटेंत रखडली तर बोट सामान्यतः तिच्यासाठीं थांबते. थांबणें अशक्यच झालें तर मागें राहिलेल्यांना पुढच्या बंदरापर्यंत पोंचविण्याची व्यवस्था कंपनी करते. स्वतंत्रपणें गेलेल्या उतारूसाठीं अशी कोणतीहि हमी नसते. धक्क्याचें भाडें, भरती-ओहोटी आणि पुढच्या बंदरांतील ठरलेली वेळ यांनीं कप्तानाचे हात बांधलेले असतात.

ही भीति पोकळ नव्हे. २०२४ च्या मार्च महिन्यांत आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या साओ टोमे बेटावर एका बड्या कंपनीच्या बोटीवरील आठ उतारू खासगी सहलीला गेले आणि त्यांना परतावयास उशीर झाला. बोट अजून दृष्टीस पडत होती. परंतु त्यांना तिजवर चढूं दिलें नाहीं. पुढें अनेक देशांतून प्रवास करीत ते गांबियाच्या किनाऱ्यावर पोंचले, तों तेथें ओहोटीमुळें बोट बंदराला लागूंच शकली नाहीं. अखेर सेनेगलमध्यें त्यांना ती गांठतां आली. या मंडळींत वयस्क माणसेंहि होतीं. एका तासाच्या उशिराची किंमत किती असूं शकते याचें याहून बोलकें उदाहरण शोधावयास नको.

आतां दुसरी बाजू पाहूं. हमीबरोबर आपण आणखी कांहीं गोष्टी पत्करतों. चाळीस-पन्नास माणसांची बस ही तींतील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगानें चालते. सकाळीं बोटीच्या दिवाणखान्यांत जमावयाचें, अंगावर क्रमांकाची चिठ्ठी लावावयाची, सर्व मंडळी येईपर्यंत बसमध्यें बसावयाचें, आणि गांवांत पोंचल्यावर एखाद्या दुकानांत अर्धा तास घालवावयाचा, असा तिचा क्रम असतो. जेथें दहा मिनिटें पुरलीं असतीं तेथें पाऊण तास आणि जेथें तासभर बसावेंसें वाटतें तेथें दहा मिनिटें, अशीहि वांटणी होते. शिवाय चार माणसांच्या कुटुंबाला चार तिकिटें पडतात. त्याच पैशांत पुष्कळ ठिकाणीं दिवसभराची मोटार आणि जेवणखाणहि होऊन जातें. तेव्हां हमी हवी असेल तेथें तिचे पैसे जरूर द्यावे. नको असेल तेथें ते कां द्यावे, हा प्रश्न रास्त आहे.

हमी कोठें हवी हें ठरविण्यास प्रत्येक बंदरासंबंधीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे. जें पाहावयाचें तें धक्क्यापासून किती दूर आहे? तेथून परतण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत काय? आणि आपल्या पासपोर्टावर व व्हिसावर आपणांस तेथें एकट्यानें हिंडण्याची मुभा आहे काय? या तीन प्रश्नांच्या उत्तरांनीं बंदरांचे आपोआप वर्ग पडतात.

पहिला वर्ग गांवाच्या उंबऱ्याशीं असलेल्या बंदरांचा. सिंगापूरच्या फेरींतील पेनांग घ्या. तेथें बोट स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि पांच-दहा मिनिटें चाललें कीं कॉर्नवॉलिस किल्ला येतो. २००८ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेलेलें जॉर्जटाउन शहर तेथूनच सुरू होतें. १८३३ सालचें महामारिअम्मन देवालय, कपितान केलिंग मशीद, चिनी लोकांचें करुणादेवीचें देऊळ आणि सेंट जॉर्जचें चर्च हीं सर्व एकमेकांपासून थोड्या पावलांवर आहेत. पाण्यांत खांब रोवून बांधलेल्या चिनी घराण्यांच्या वसाहतीहि पायीं पाहतां येतात. असें गांव पाहावयास बसची आवश्यकता नाहीं. उलट बस आडवी येते. आपल्या कोचीचाहि समावेश याच वर्गांत करावा. विलिंग्डन बेटावर उतरून रिक्षानें फोर्ट कोचीकडे गेलें म्हणजे चिनी जाळीं, १५२४ सालीं वास्को द गामा याला जेथें प्रथम पुरलें तें सेंट फ्रान्सिसचें चर्च आणि मट्टनचेरीचें १५६८ सालचें ज्यू लोकांचें प्रार्थनामंदिर हीं अर्ध्या दिवसांत निवांत होतात. प्रार्थनामंदिर शनिवारीं बंद असतें, एवढें मात्र आधीं पाहून ठेवावें.

दुसरा वर्ग आगगाडीच्या अंतरावरील बंदरांचा. कंपनीच्या पत्रकांत ‘रोम’ असें मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें, परंतु बोट लागते ती चिव्हितावेकिया येथें. सम्राट त्राजन यानें वसविलेलें हें बंदर रोमपासून सुमारें ऐंशी किलोमीटर दूर आहे. सुदैवानें १८५९ सालापासून या दोन शहरांमध्यें आगगाडी आहे आणि आज तिच्या फेऱ्या दिवसभर चालूं असतात. येथें घड्याळाचा हिशेब कसा करावा तें पाहा. समजा, बोट सकाळीं सातला लागली, सायंकाळीं सातला सुटणार आणि साडेसहाच्या आंत सर्वांनीं परत यावें असा हुकूम आहे. नांवाला बारा तास झाले. परंतु बोटीवरून उतरून, बंदरांतील बस घेऊन स्टेशनावर पोंचेपर्यंत साडेआठ होतात. गाडी मिळून रोममध्यें पाय ठेवावयास पावणेदहा. परततांना पांचच्या सुमारास बंदराच्या दाराशीं असावें, असा दंडक घातला तर रोमहून तीनच्या गाडीनें निघालें पाहिजे. म्हणजे बारा तासांचे सव्वापांच तास उरले. परंतु ही गाडी चुकली तरी मागून दुसरी आहे, आणि दुसरी रखडली तर टॅक्सी करण्याइतका वेळ शिल्लक आहे. हा राखून ठेवलेला दीड तास म्हणजे आपली आपण घेतलेली हमी होय. तींत काटकसर करूं नये.

सव्वापांच तासांत रोम होत नाहीं, रोममधील दोन ठिकाणें होतात. सान पिएत्रो स्टेशनावर उतरलें कीं सेंट पीटरचें महामंदिर पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. कोलोसिअम पाहावयाचें तर ठराविक वेळेचें आणि नांवाचें तिकीट अगोदर काढावें लागतें. व्हॅटिकनचीं संग्रहालयें महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारीं बंद असतात. कागदी तिकिटावर गाडींत चढण्यापूर्वीं स्टेशनावरील यंत्रांत शिक्का मारून घ्यावा, नाहीं तर दंड होतो. इटलींत आगगाड्यांचे संप होतात. परंतु ते बहुधा आगाऊ जाहीर होतात आणि कामाच्या दिवशीं सकाळीं सहा ते नऊ व सायंकाळीं सहा ते नऊ या वेळांत कांहीं गाड्या चालविणें बंधनकारक असतें. बोटीच्या उतारूला दुसरी वेळ निरुपयोगी आहे, हें सांगावयास नकोच. त्या दिवशीं संप जाहीर असेल तर स्वतंत्र बेत सोडून कंपनीची बस धरणें हेंच शहाणपण.

अथेन्स याहून सोपें आहे. पिरिअसहून अथेन्सला १८६९ सालापासून लोहमार्ग आहे आणि २०२२ सालीं दुसरी भुयारी गाडीहि बंदरापर्यंत येऊन पोंचली. एक बंद पडली तर दुसरी आहे, आणि अंतर अवघें दहा किलोमीटरांच्या घरांत असल्यानें टॅक्सीहि परवडते. मात्र आक्रोपोलिसला २०२३ पासून तासवार तिकिटें सुरू झालीं आहेत, आणि उन्हाळ्यांत उष्म्याची लाट आली तर भर दुपारीं तें बंदहि ठेवतात. म्हणून सकाळच्या वेळेचें तिकीट मिळालें तर उत्तम.

तिसरा वर्ग लांब पल्ल्याच्या बंदरांचा. इजिप्तमधील सफागा बंदरांतून लक्सरचीं देवळें पाहावयास जावयाचें तर वाळवंटांतून जावयास तीन तासांवर आणि यावयास तितकाच वेळ लागतो. फ्रान्समध्यें ल आव्र येथें उतरून पॅरिस, किंवा जर्मनींत वार्नेम्युंडे येथें उतरून बर्लिन, हेहि दोनशें किलोमीटरांचे किंवा त्याहून अधिक लांबीचे पल्ले आहेत. वाटेंत एक मोटार बिघडली तर संध्याकाळ हातची जाते. अशा ठिकाणीं कंपनीची सहल घ्यावी, किंवा ते दूरचें शहर सोडून बंदराजवळचें गांवच निवांतपणें पाहावें. दुसरा पर्याय पुष्कळांच्या मनांत येतच नाहीं, परंतु तो वाईट नसतो. सिंगापूरच्या फेरींत पेनांगशेजारीं येणारें पोर्ट क्लांग हेंहि या दृष्टीनें तपासावें. क्वालालंपूर तेथून पन्नास-साठ किलोमीटर आहे आणि रस्त्यावर गर्दी असली म्हणजे वेळेचा भरंवसा राहत नाहीं. एकाच प्रवासांत पेनांगला आपल्या पायांनीं आणि क्वालालंपूरला कंपनीच्या बसनें, असें केल्यास दोन्हींचा लाभ पदरांत पडतो.

याच वर्गांत जेथें बोट धक्क्याला न लागतां समुद्रांत नांगर टाकते अशीं ठिकाणेंहि येतात. ग्रीसमधील सांतोरिनी हें त्यांतील प्रसिद्ध. तेथें लहान होड्यांतून उतरावें लागतें आणि सहलीचीं तिकिटें घेतलेल्यांस बहुधा आधीं सोडतात. स्वतंत्र उतारू कड्याच्या पायथ्याशीं असलेल्या जुन्या बंदरावर पोंचतो. तेथून वर फिरा गांवाला जावयास १९७९ सालीं बांधलेला तारेवरचा पाळणा, खेंचरें, किंवा जवळजवळ सहाशें पायऱ्या, एवढेच मार्ग आहेत. एकाच दिवशीं तीन-चार बोटी आल्या म्हणजे परतीच्या वेळीं पाळण्यापुढें लांबच लांब रांग लागते. गुडघे शाबूत असलेल्यानें पायऱ्यांनीं उतरावें. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनीं रांगेसाठीं दीड तास राखून ठेवावा.

चौथा वर्ग कायद्यानें ठरलेला. येथें निवड आपल्या हातीं उरत नाहीं. रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें २०२२ पर्यंत पाश्चात्त्य कंपन्यांच्या बोटी येत असत. तेथें परवानाधारक सहल-संस्थेबरोबर गेलेल्या उतारूस बहात्तर तासांपर्यंत व्हिसा लागत नसे. एकट्यानें हिंडावयाचें तर मात्र तो लागे. आपल्या लक्षद्वीपांत तर बाहेरून आलेल्या भारतीय नागरिकासहि प्रवेशपरवाना लागतो. भारतीय पासपोर्टावर प्रवास करणारानें आणखी एक दक्षता घ्यावी. युरोपची फेरी मधेंच तुर्कस्तानांत जाऊन परत येणारी असेल तर एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा पुरत नाहीं. अनेक प्रवेशांचा लागतो. बोटीच्या पत्रकांतील ‘व्हिसाची आवश्यकता नाहीं’ हें वाक्य पुष्कळदा अमेरिकन किंवा ब्रिटिश उतारूला उद्देशून असतें.

या दोन वाटांच्या मधें एक तिसरी वाट आहे. जवळजवळ प्रत्येक मोठ्या बंदरांत स्थानिक माणसें आठ-दहा जणांच्या लहान सहली चालवितात. बोटींच्या वेळा त्यांना पाठ असतात, भाव कंपनीहून कमी असतो, आणि दुकानांतील मुक्काम टाळतां येतो. परंतु पैसे भरण्यापूर्वीं दोन गोष्टी लेखी विचाराव्या. वाऱ्यावादळामुळें बोट बंदरास आलीच नाहीं तर पैसे परत मिळतील काय? आणि यांच्या चुकीनें बोट सुटली तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च हे देतील काय? कंपनीच्या सहलींत पहिल्या प्रश्नाचें उत्तर सहसा होकारार्थी असतें. येथें तें गृहीत धरूं नये.

निवड करतांना बरोबर कोण आहे हाहि विचार आवश्यक आहे. सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन जाणारानें बस दाराशीं येते, वाटेंत विश्रांति मिळते आणि दुखणें उद्भवल्यास सोबत असते, या गोष्टींची किंमत पैशांत मोजूं नये. उलट लहान मुलांना चार तासांची बससहल म्हणजे शिक्षाच. त्यांना एखादा बगीचा आणि समुद्रकिनारा पुरतो. सहलींतील जेवणांत शाकाहारी माणसाच्या वाट्याला कधीं कधीं पाव आणि कोशिंबीर एवढेंच येतें, हेंहि आधीं विचारून घ्यावें.

स्वतंत्रपणें उतरणारानें चार गोष्टी विसरूं नयेत. पहिली, बोटीचें घड्याळ आणि किनाऱ्याचें घड्याळ यांत कधीं कधीं एका तासाचें अंतर असतें. खिशांतला फोन आपोआप किनाऱ्याची वेळ दाखवूं लागतो, परंतु बोट सुटते ती आपल्या घड्याळानें. दुसरी, बोटीच्या रोजच्या पत्रकावर बंदरांतील कंपनीच्या प्रतिनिधीचा दूरध्वनि क्रमांक असतो. तें पत्रक बरोबर ठेवावें. तिसरी, पासपोर्टाची प्रत, थोडें स्थानिक चलन आणि नित्याचीं औषधें बोटीवर ठेवून जाऊं नये. चौथी, प्रवासाचा विमा घेतला असल्यास बोट चुकल्याचा खर्च त्यांत येतो कीं नाहीं, तें घरीं असतांनाच वाचून पाहावें.

शेवटीं एक मोठा प्रश्न उरतो, तो यजमान गांवांचा. तीन-चार हजार माणसें एकदम उतरतात, तींच तीन ठिकाणें पाहतात, जेवावयास बोटीवर परततात आणि संध्याकाळीं निघून जातात. याचा भार सोसवेना म्हणून व्हेनिसनें १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना शहरालगतच्या जुन्या जलमार्गानें येण्यास बंदी झालेली पाहिली, आणि दुब्रोव्हनिकनें एका वेळीं येणाऱ्या बोटींची संख्या मर्यादित केली. जो उतारू गर्दीचा रस्ता सोडून पलीकडच्या गल्लींत शिरतो, तेथल्या खाणावळींत जेवतो आणि तेथल्या टॅक्सीवाल्याशीं दोन शब्द बोलतो, त्याचा पैसा त्या गांवांत राहतो आणि गांवहि त्याच्या स्मरणांत राहतें. ज्या बंदरांत हें निर्धास्तपणें करतां येतें, तेथें तें केल्यावांचून परत येणें हें थोडें नुकसानच होय.

तेव्हां सर्व बंदरांसाठीं एकच नियम करूं नये. पांच बंदरांचा प्रवास असेल तर पांच ओळींचा एक कागद करावा. प्रत्येक गांवापुढें अंतर, परतीचे मार्ग, परवाना आणि हातीं येणारे खरे तास एवढेंच लिहावें. बहुतेक प्रवासांत असें दिसून येईल कीं एक-दोन ठिकाणीं कंपनीची सहल घेणें अगत्याचें आहे, आणि बाकीच्या ठिकाणीं आपले पाय व गांवची गाडी पुरेशी आहे. हा कागद घरच्या मंडळींनीं प्रवासापूर्वीं एका संध्याकाळीं एकत्र बसून केला, तर बोटीवरील सहलींच्या कचेरीपुढें घाईघाईनें पैसे मोजण्याची वेळ सहसा येणार नाहीं.